दाराला लावलेला दगड

मंगळवार, संध्याकाळ

आज सहावीची उजळणी घेतली. खडकांचे प्रकार. गाईड घोकून आलेली मेंढरं नुसती! बेसाल्ट कुठे सापडतो विचारलं, तर एका सुरात, "दख्खनच्या पठारावर." आणि हे पठार कुठंय? मागून एकजण म्हणतो, "लई लांब हाय की, सर." सोलापुरात बसून!

दार आपटू नये म्हणून लावलेला काळा दगड उचलला आणि टेबलावर आदळला. "मग हा काय आहे? बेसाल्टच ना, गाढवांनो? जरा डोळे उघडून बघत जा."

रेणुका उठून पुढं आली. दगड फिरवून फिरवून बघितला. "सर, ह्याला ही बारकी भोकं कशानं पडली?"

दहा वर्षं तो दगड मी पायानं सरकवतोय. भोकं कधी दिसलीच नव्हती. म्हणालो, "मुंग्यांनी." का म्हणालो? माहीत नाही म्हणायला काय झालं होतं?

घरी येऊन मोबाईलवर पाहिलं. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे. मुंग्या म्हणे!

रेणुकानं माझं उत्तर तेव्हाच वहीत उतरवून घेतलंय. तिचं बघून सगळ्या वर्गानं. परीक्षेत येईल म्हणून लाल शाईनं.