मशीनच्या पायडलवर

आई, तुझ्या शिलाई मशीनचं मुंडकं मी काढलं. रागावू नकोस, तेल घालून, तुझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून ते कपाटात ठेवलंय. खालचं पायडल आणि मोठं चाक तेवढं घेतलं आणि चारठाण्याच्या एका सुतारमामांकडून त्यावर लाकूड कातायचा खराद बसवून घेतला. नोकरी संपल्यावर माझ्या मैत्रिणी भजनाला जायला लागल्या. मी मागच्या पडवीत बसून लाटणी कातते. नऊ झालीत. सून म्हणते, "लाटणी बास झाली, आता लाटणारे आणा."

पहिल्या दिवशी चाक सारखं उलटं फिरत होतं. पटाशी धरली की लाकडावर नुसती घासायची, निघायचं काहीच नाही. मग तू आठवलीस. सोनपेठच्या घरात खिडकीपाशी तू शिवत बसली आहेस, मी हळूच पायडलवर पाय ठेवते आणि तू माझ्या पोटरीवर फूटपट्टी हाणतेस. "उलटा पाय मारायलीस, दोरा तुटतोय की! आधी हातानं चाक आपल्याकडं वळव, मग पाय दे. लय जल्दी हाय तुला." मी हातानं चाक आपल्याकडं वळवलं, मग पाय दिला. कडुलिंबाचं लांबलचक सालपट सुटलं आणि गुंडाळत गुंडाळत मांडीवर येऊन पडलं. इतका आनंद झाला, की दाखवायला मागं वळले. मागं कोणी नव्हतं. ते सालपट तुझ्या मशीनच्या खणात, बटणांशेजारी ठेवलंय.

आता रोज सकाळी तीच खटखट घरभर होते आणि वाटतं, सुईत दोरा ओवून दे म्हणून तू हाक मारशील. लाकूड कातून झालं तरी मी उगाच पाय हलवत राहते. तुझी फार आठवण येते गं.

तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा शेजारच्या काकूंचं झंपर अर्धं राहिलं होतं. "तेवढं शिवून दे गं, शब्द दिलाय मी तिला," तू म्हणालीस. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते तुझ्या हातात दिलं, तेव्हा तू शिवणीवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवलास. "चांगला चालायलाय की पाय तुझा," म्हणालीस आणि हसलीस. ते हसू मला अजून कळलेलं नाही.

हा कागदही खणातच ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवू? आई, ते झंपर मी शिवलं नव्हतं. बाजारातल्या शिंप्याकडून आणलं होतं. माझा पाय आत्ता कुठं चालायलाय.