नकाशातलं निळं

लातूर, १३ मे १९८६, मंगळवार

उद्या ड्रॉइंगचे सर चित्र बघायला येणार. नदी जमली असेल तर नक्कल बंद, समोर दिसेल ते रंगवायला देणार. नाही तर पुन्हा कोळशाच्या रेघा. जुन्या विलायती चित्रकाराची ही नदी मी छापील प्रतीवर चौकोन आखून उतरवली. काठ कुठेही चुकलेले नाहीत. तरी पाणी खोटं दिसतं. का?

टँकरची घागर घेऊन आई आली, कॅनव्हाससमोर थांबली. "लई निळं केलंस गं. असलं पाणी कुठं बघितलंस, हापिसातल्या नकाशात?"

राग आला. पण खरंच, तिथंच. नव्या जिल्ह्याच्या नकाशांत दिवसभर मी नद्या निळ्या शाईनं भरते, कोरड्या असल्या तरी.

घागरीतलं थोडं पाणी परातीत ओतून खिडकीखाली ठेवलं. मातकट, आणि त्यावर उजेडाचा पांढरा पट्टा. छापील चित्रातही हेच होतं. महिनाभर समोर असून मी पाहिलं नव्हतं.

सगळा निळा रंग सुरीनं खरवडला, मातकट लावायला घेतला.

"झालं का बघून? दे ते पाणी, भांडी घासायचीत."

"थांब. पट्टा राहिलाय."

आई थांबली. रंग उद्यापर्यंत वाळणार नाही. ओलंच दाखवीन.