मुदतीआधी

१ जानेवारी
थकलोय. तरी संकल्प केला. गृहकर्जाची चौदा वर्षं राहिलीत, ती पाचात संपवणार. एकदाच काय तो सोक्षमोक्ष. कारण उदात्त आहे. बायको हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर दिवसभर उभी असते, पायाच्या शिरा फुगून निळ्या पडल्यात. डॉक्टर म्हणतात, बसून करायचं काम बघा. मी तिला सांगून टाकलं, कर्ज फिटलं की तू नोकरी सोडायची, शब्द आहे माझा. ती म्हणाली, बरं, आधी गॅस बंद कर, दूध उतू जातंय. भरून आलं असणार तिला.

४ जानेवारी
बजेट तयार. अनुभव दांडगा. ऑफिसात माझं कामच ते, लोकांची प्रवासाची आणि जेवणाची बिलं तपासायची आणि छाटायची. पाठीमागे मला कात्री म्हणतात. प्रेमाने. आता तीच शिस्त घरी. यापुढे खर्च करायचा तर कागदावर कारण लिहून माझी सही घ्यायची. लेकीने विचारलं, तुझ्या खर्चावर कोण सही करणार? नववीत आहे, पण प्रश्न भोचक. म्हटलं, मीच, माझा माझ्यावर विश्वास आहे.

११ जानेवारी
लेकीचा पहिला अर्ज. बूट. कारण : पाय वाढला. नामंजूर. मागचे बूट घेऊन वर्षही झालेलं नाही. तिने पुरावा म्हणून जुना बूट घालून समोर पाय ठेवला, अंगठा बाहेर. मंजूर केला, पण सेल लागल्यावर. बायको म्हणाली, तोवर पायाला सांग, थांब म्हणून. हिला आर्थिक नियोजनात गती नाही.

२ फेब्रुवारी
ऑफिसातला विकतचा चहा बंद. घरून थर्मास. थर्मासला खर्च झाला, पण ती गुंतवणूक धरलीय. चारला चहा गार, डोकं गरम. शेजारच्या टेबलावर जो बसतो, ज्याला सगळे जांभई म्हणतात, तो म्हणाला, कशाला जिवाचे हाल करून घेतोस, कर्ज काय पळून जातंय? अशी माणसं पुढे जात नाहीत. त्याच्या डोक्यावरही कर्ज आहे, पण तोंडावर सुरकुती नाही. बेजबाबदार.

१८ मार्च
बोनस झाला. तसाच्या तसा बँकेत भरला. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, सर, हप्ता कमी करायचा की मुदत? मागे रांग, खिशात साहेबांचा फोन वाजतोय. आणि कर्जमुक्तीला निघालेल्या माणसाने असल्या प्रश्नाला अडखळणं शोभत नाही. म्हटलं, हप्ता. ठणकावून. हप्ता म्हणजेच कर्ज, तो कमी झाला की कर्ज कमी, ह्यात विचारायचं काय? ती म्हणाली, नक्की ना? मी नुसता हसलो. नवीन असावी.

३१ मे
चमत्कार! महिनाअखेरीला खात्यात पैसे उरले. एप्रिलमध्येही उरले होते, तेव्हा नजरचूक वाटली. ही शिस्तीची कमाल. चहा, बूट, गिझर, कुठे कुठे म्हणून दाबून धरलं मी. जांभईला सांगितलं. तो म्हणाला, वा. मग जांभई दिली.
उरलेल्यातून स्वतःला एक खुर्ची घेतली, पाठीला आधार असलेली. कारण : पाठ. सही केली. बायको कामावरून आली, खुर्चीकडे बघितलं आणि पर्स न काढताच तिच्यात बसली. छान आहे म्हणाली. मग उठून कुकर लावला.

२० जून
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात ‘कर्ज मुदतीआधी कसं फेडावं’ यावर चार शब्द बोललो. कोणी बोलवलं नव्हतं, पण डबा खाताना लोक उठून जाऊ शकत नाहीत. स्टोअरवाला म्हणाला, मग किती वर्षं कमी झाली? म्हटलं, आकड्यांत अडकू नये, दिशा महत्त्वाची. त्याने मान डोलावली आणि लोणचं मागितलं.

९ जुलै
शनिवारचा ओव्हरटाइम घ्यावा का? नको. शनिवारी मी झोपतो. तोही एक हिशेबच आहे, माणूस टिकला तर पगार टिकतो. बायकोला शनिवार नसतो. तिच्या कामाचं स्वरूप वेगळं.

२ सप्टेंबर
बायकोचा वाढदिवस. भेट काय द्यायची याची नामी युक्ती सुचली होती. बँकेत जायचं, कर्ज संपण्याची नवी तारीख विचारायची, सुंदर अक्षरात लिहून तिला द्यायची. खर्च शून्य.
गेलो. तीच मुलगी. तिने तारीख सांगितली. म्हटलं, ही जुनी झाली, नवी सांगा. म्हणाली, सर, हीच आहे. तुम्ही मार्चमध्ये हप्ता कमी करून घेतलात, तो झाला. मुदत आहे तेवढीच. मुदत कमी केली असती तर कर्ज लवकर संपलं असतं.
म्हणजे महिनाअखेरीला उरत होते ते माझ्या काटकसरीचे नव्हतेच. बँकच कमी कापत होती. आणि त्याची मी खुर्ची घेतली.
वर म्हणते, मी नक्की ना विचारलं होतं. विचारायची एक पद्धत असते. बँकांनी माणसांना नीट शिकवायला हवं.
येताना फुलं घेतली. स्वतःच्या सहीशिवाय. बायको म्हणाली, अगंबाई, आज काय विशेष? स्वतःचा वाढदिवस विसरली होती. पाय गरम पाण्याच्या बादलीत होते, तशीच फुलं घेऊन बसून राहिली.

७ सप्टेंबर
हातपाय गाळायचे नाहीत. अडीनडीला ठेवलेली एफडी मोडली आणि सगळी कर्जात घातली. बायको म्हणाली, अरे, ती अडचणीसाठी आहे ना? म्हटलं, कर्जापेक्षा मोठी अडचण कुठली? म्हणाली, तुझं तू बघ, मला सकाळी लवकर निघायचंय. ह्याला संमती धरली.
या वेळी खिडकीवर पोचायच्या आतच ओरडलो, मुदत! वॉचमन उठून उभा राहिला. तीन वर्षं कमी झाली. तीन! घरी येऊन सांगितलं. लेक म्हणाली, मग आता बूट? सेल अजून लागलेला नाही.

१४ ऑक्टोबर
बायको काउंटरवर पडली. ती म्हणते बसले. बसायला तिथे काही नसतं, म्हणजे पडलीच. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, शिरेत गाठ झालीय, ऑपरेशन लांबवता येणार नाही, नंतर पाच आठवडे पूर्ण विश्रांती. विश्रांती बिनपगारी. विम्यात हा आजार बसत नाही. दोनदा फोन करून विचारलं, दुसऱ्या वेळी जरा गयावयाही केली.
हातात काही नाही. सगळं बँकेत, विटांमध्ये. भिंत काढून तर विकता येत नाही. जांभईने न मागता थोडे पैसे पुढे केले. अडीनडीला बाजूला ठेवलेत म्हणाला. मी घेतले. पुरे पडणार नाहीत.

१९ ऑक्टोबर
बँक. घरावरच वाढीव कर्ज. पुन्हा तीच मुलगी. आपलेच भरलेले पैसे आपल्यालाच परत, वर व्याज, वर फाइल उघडायची फी. फाइल माझीच, गेली अकरा वर्षं उघडीच आहे, तरी फी. सगळं मिळून आता पंधरा वर्षं. जानेवारीपेक्षा एक जास्त. ती हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं. पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या तिथे तिथे सह्या केल्या. कारण कोणी विचारलं नाही.

२७ ऑक्टोबर
ऑपरेशन झालं, बायकोच्याच हॉस्पिटलात. बाहेर बाकावर बसून होतो, शेजारी लेक. तिच्या बुटातून अंगठा दिसत होता. खालच्या मजल्यावर जाऊन काउंटरवरून औषधं आणली. बायकोच्या जागी दुसरी कोणी उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. गेल्या अकरा वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. भीती वाटली. खर्चाची नव्हे. वर येऊन बायकोला सांगायचं होतं, जमलं नाही. म्हटलं, आता कसं वाटतंय? ती म्हणाली, बरं.
संध्याकाळी लेकीला बूट घेतले. सेल नव्हता.

३ नोव्हेंबर
वाढीव हप्ता बसवायचा म्हणून शनिवारचा ओव्हरटाइम घेतला. साहेब म्हणाले, अरे वा, कात्री, एकदम उत्साह? हो म्हटलं. घरची सहीची पद्धत तूर्त स्थगित. बंद नाही, स्थगित.

२१ नोव्हेंबर
घरी आलो तर बायको माझ्या खुर्चीत, पाय स्टुलावर, कधी नव्हे ती निवांत. पहिल्या तारखेपासून पुन्हा काउंटर. हॉस्पिटलने बसायला स्टूल देतो म्हटलंय, पण रांग असली की बसता येत नाही, हे तिचं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, हप्ता भरायचाय ना. रागाने म्हणाली नाही. त्यामुळे जास्त लागलं.
मग एकदम खुलली. म्हणाली, तुला माहितीये, दुपारी आपल्या घरात काय सुंदर ऊन येतं! आतल्या खोलीत, पार कपाटापर्यंत. इतकी वर्षं हप्ते भरतोय आणि मला पत्ताच नाही. रोज तिथे जाऊन बसते.
मी उठून आतल्या खोलीत गेलो. दिवा लावून बघितलं. कपाट होतं. ती बाहेरून म्हणाली, अरे वेड्या, आता कसं दिसेल? शनिवारी दुपारी बघ.
शनिवारी मी ऑफिसात असतो.