विळी राहिली

नाना,

काल आपल्या विळीचा पाट मधोमध तडकला. पातं शाबूत आहे, पण घासून घासून बोटाएवढं उरलंय. सूनबाई म्हणाली, "आई, आता हिला निरोप द्या ना, घरात चार सुऱ्या आहेत." मी म्हटलं, "सुऱ्या तुझ्या, विळी माझी. हिच्यामुळे तुझा नवरा जन्माला आलाय." मग दुपारी रिक्षा केली आणि विळी मांडीवर घेऊन चारकोपला एका सुताराकडे गेले. त्यानं उलटीसुलटी करून पाहिली. "आजी, नवीन घ्या ना, ह्याच्यात काय दम नाय राहिला." मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्याला सगळी गोष्ट सांगितली, तुम्ही सांगायचात तश्शी. त्याचा रंधा मध्येच थांबला. गोष्ट संपल्यावर म्हणाला, "मग आजी, सागवानच लावू." चांगला माणूस. आज सकाळी विळी घरी आली, आणि मला तुमच्याशी बोलल्यावाचून राहवेना.

तुमची गोष्ट आधी मीच परत एकदा सांगते, काही चुकत असेल तर तिथून ओरडा. तुमची आई, म्हणजे माझी आजी, सोळा वर्षांची. एकोणिसावं शतक सरायला अजून काही वर्षं आहेत. आजोबांना मुंबईत नोकरी लागलेली, बिऱ्हाड करायला दोघं निघालीत. सोबत आजोबांचे थोरले भाऊ आणि वहिनी. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट. ती खोल पाण्यात उभी, आणि माणसांना किनाऱ्यावरून तिच्यापर्यंत न्यायला पडाव, म्हणजे मोठी होडी. भाऊ-वहिनी पुढे जाऊन पडावात बसले. थोरल्या जावेनं दोघींच्या वळकट्या राखल्या, शेजारी जागा धरली. आणि आजीला आठवलं, विळी राहिली! माहेरून आणलेली विळी. आजोबा करवादले, "मुंबईत विळ्या मिळत नाहीत काय?" पण पोर हट्टाला पेटली आणि धावत सुटली. परत आली तर पडाव निम्म्या वाटेवर. जाऊ तिथून हात हलवून हाका मारतेय. आजोबा वाळूत उभे राहून आजीला नाही नाही ते बोलतायत, आणि आजी विळी पोटाशी धरून रडतेय. त्याच रात्री वादळ झालं. बोट मुंबईला लागलीच नाही. माणूस नाही, फळकूट नाही, काही म्हणता काही हाती आलं नाही. पावसाळा उलटल्यावर आजी-आजोबा घाट चढून, बैलगाडी नि मग आगगाडी करत मुंबईला आले. त्यानंतर आपल्या घरातल्या कोणी बोटीत पाय ठेवला नाही.

तुम्ही ही गोष्ट हसत सांगायचात. आजी मात्र कधी हसली नाही. विळीनं वाचवलं असं कोणी म्हणालं की ती उठून आत जायची. मला एकदाच म्हणाली होती, "राखलीन गो तिनं माझी वळकटी." मी तेव्हा परकरी पोर. वळकटीचं एवढं काय, असंच मला वाटलं.

आणि मग तुमची ती रीत! लोकांकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारली तर अपशकुन. आपल्याकडे सगळंच उफराटं. कोणीही बाहेर निघालं की तुम्ही ओटीवर खांबाला धरून उभे. माणूस पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्याशी पोचलं रे पोचलं की तुमची हाक, "विळी राहिलीऽऽ!" म्हणजे काहीतरी विसरलंय, मागे फिर. रुमाल, छत्री, काहीच नसलं तर पाण्याचा घोट. परत येऊन आत यायचं, मग जायचं. समोर नव्यानं राहायला आलेल्या काकूंनी आईला विचारलं होतं, "तुमच्याकडे विळ्या विकतात का हो?" लग्नाला आपण पोचायचो तोवर मुलगी सासरी निघालेली असायची. आणि तुम्हाला हाक मारायला कोणी नाही, म्हणून तुम्ही स्वतःच रोज कोपऱ्यावरून परत यायचात.

त्यावरून झालेलं ते मी विसरले नाही. मी सातवीत, तुम्ही आमच्याच शाळेत चित्रकलेचे मास्तर. प्रार्थना संपलेली, सगळी शाळा मैदानात रांगेत उभी, आणि तुम्ही काखेत छत्री मारून फाटकातून येताय. मुख्याध्यापक सगळ्यांदेखत म्हणाले, "या मास्तर, या! आज आगबोट उशिरा लागली वाटतं!" शाळा खदखदून हसली. तुम्हीही हसलात, त्याचा मला जास्त संताप आला. घरी येताना गिरणीपाशी आल्यावर मी फाडकन म्हणाले, "आजी एकदा विळी विसरली म्हणून आपण जन्मभर विसरत राहायचं का? मला पुन्हा मागून हाक मारायची नाही, सांगून ठेवते." तुम्ही छत्री या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "बरं. नाही मारणार." दुसऱ्या दिवशी सकाळी हाक ठरलेली! सवय अशी जाते होय?

मग माझं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं आणि नेमणुकीचं पत्र आलं. मुलींची शाळा, आणि गाव नेमकं तेच, आजीचं बंदर. तुम्ही पत्र लांब धरून दोनदा वाचलंत. यष्टीनं दोन दिवस मोडायचे, बोटीनं सकाळी निघून संध्याकाळी पोचायचं. मी ठणकावून सांगितलं, "मी बोटीनंच जाणार." दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. आई म्हणाली, "अहो, पोरगी एवढी म्हणतेय, जाऊ दे तिला." तिसऱ्या दिवशी तुम्ही विळी घासूनपुसून माझ्यासमोर ठेवलीत. "जा. पण बिऱ्हाड करणार, तर ही न्यायची."

निघायची सकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. मामा पोचवायला आलाय. ट्रंक झाली, वळकटी झाली, फिरकीचा तांब्या झाला. आई डोळे पुसतेय, तुम्ही ओटीवर खांबाला धरून. मी चालू लागते. गिरणीच्या कोपऱ्यावर थांबते, खाली वाकते. मामा विचारतो, "आता काय?" "चपलेचा पट्टा." गिरणीचा पट्टा फटाक् फटाक् चाललाय. तुमची हाक येत नाही. मी वळून बघते, तर तुम्ही तोंड घट्ट मिटून भलतीकडेच बघताय. मामा म्हणतो, "चल गं, बोट काय थांबून राहणार नाय आपल्यासाठी!" आणि मी गेले.

बोटीवर मी रेलिंग असं धरलं होतं, की हाताला वळ उठले. शेजारच्या एका बाईनं आमसूल दिलं, म्हणाली, "चोख, मळमळत नाही." संध्याकाळी पडावातून उतरले ती त्याच वाळूत. आजी इथेच कुठेतरी उभी होती, आणि मला एकदम तिची जाऊ आठवली, वळकटीला धरून बसलेली. तेव्हा कळलं आजी का हसायची नाही. पण नाना, त्या गावानं मला सगळं दिलं. तीस वर्षं शाळा, तुमच्या जावयासारखा शांत माणूस, पोरगा. मी सुखात राहिले, हो. रिटायर झाल्यावर मुलाकडे बोरिवलीला आले, इथेही मजेत आहे.

पोरगा झाला तेव्हा तुम्ही आलात. बोटीनं नाही, यष्टीनं, घाटभर ओकत, आणि मांडीवर विळी. बाळाला बघायच्या आधी मला म्हणालात, "त्या दिवशी दिसली गो मला ही. पाणी प्यायला आत गेलो तर मांडणीखाली, फडक्यात गुंडाळलेली. तू कोपऱ्यावर उभी. हाक अगदी ओठांपर्यंत आली होती. गिळली. तुला शब्द दिला होता ना, शाळेतून येताना." मग छाती काढून म्हणालात, "जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी वेळेवर पोचवलं मी!" तुमचा चेहरा असा काही फुलला होता, की मी नुसती विळी घेतली आणि नारळ खवायला बसले.

सुताराचा पाट झकास झालाय, पण एका कोपऱ्याला किंचित डगमगतो. हे पत्र घडी करून तिथेच खाली सारते. तुम्हाला पाठवायचं तरी कुठे! फक्त एक राहिलंय. तुम्ही हयात असताना किती वेळा तोंडाशी आलं, पण तुमची ती फुललेली छाती बघून मी गप्प बसले. नाना, विसरलेली विळी कोणी फडक्यात गुंडाळून ठेवतं का हो? मीच ती मांडणीखाली सारली होती, तुम्हाला दिसेल अशी. तुम्ही हाक माराल, मी मागे फिरेन, बोट चुकेल, आणि मला जायची भीती वाटते हे मला माझ्या तोंडानं सांगावं लागणार नाही. माझ्या चपलेच्या पट्ट्याला काही झालं नव्हतं. मी कोपऱ्यावर तुमच्या हाकेची वाट बघत होते.