बाबांच्या नळीचा पीळ

९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो. वहिनीची आठवण काढते. तुझी काढत नाही म्हणते; ते खरं धरू नकोस.

तू मला नेमबाजीच्या संघातून काढलंस त्याबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण परवा तू आईला फोनवर म्हणालास, "तिचा हात गेलाय. बाबांची रायफल विकून टाका." म्हणून लिहिते. रायफल विकणार नाही.

माझा निशाण्याचा कागद तू सगळ्यांसमोर वर धरलास. भोकं विखुरलेली होती, कबूल. पण काही लांबट होती, दादा, गोळी आडवी शिरल्यासारखी. हात हलला तर गोळी भलतीकडे जाते, आडवी कशी होईल? तेव्हाच विचारलं होतं. "कारणं सांगू नकोस," म्हणालास. तू प्रशिक्षक; मी रायफल उचलून निघाले.

घरी आल्यावर साफसफाईच्या सळईला चिंधी घट्ट गुंडाळली, खूण केली आणि बाबांच्या रायफलीच्या नळीत सरकवली; आतल्या पिळदार खाचांबरोबर ती फिरत गेली. सळईचा एक पूर्ण फेरा व्हायला बारा इंच लागले. तुझ्या संघातल्या पोरांच्या नव्या रायफलींना सात-आठ पुरतात. त्यांच्यासाठी तू लांब, जड गोळ्या मागवल्यास आणि त्याच मला दिल्यास. बाबांच्या नळीचा पीळ सैल. एवढ्या लांब गोळीला ती पुरेशी गिरकी देऊच शकत नाही; गोळी डगमगते, आडवी होते.

मग पलीकडच्या क्लबात जाऊन त्याच रायफलीतून आखूड, हलक्या गोळ्या झाडल्या. भोकं गोल पडली. एकमेकांना खेटून.

आता, जे लिहायचं टाळत होते ते. हात थरथरतो. माझ्या आजारपणानंतर कपातला चहासुद्धा हिंदकळतो. तुला ते माझ्याआधी दिसलं आणि तू घाबरलास. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. तू त्यांच्या हातातून रायफल काढून घेतलीस, तुझ्या मते मायेनंच. ते एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा रेंजवर आलेही नाहीत.

मी बोलणार. दोन श्वासांच्या मध्ये हात क्षणभर थांबतो, तेवढा मला पुरतो. रविवारी त्या क्लबाची निवड चाचणी दिली. निवड झाली.

पुढच्या महिन्यात तुझ्या संघासमोर उभी असेन. माझ्यासाठी हळहळू नकोस. पोरांना नीट तयार कर. फुकटात मिळालेली मॅच मला नको आहे.

तुझी, आणि त्या दिवशी तुझ्याविरुद्धची,
धाकटी