खुराड्यातलं कलम बावीस

ती. मामांस,

बाइंडर भाच्याचा खळीने बरबटलेल्या हातांनी साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींना सांगा, मी तुरुंगात नाही. (त्यांच्या कानावर आलं असेल, पण अर्धंच.)

झालं असं, की आमच्या गच्चीवरच्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यावरून खालच्या दंतवैद्यांनी नगरपालिकेला माझ्यावर खटला भरायला लावला. कोंबडा पहाटे आरवतो हे मला कबूल आहे, पण त्या बिचाऱ्याला दुसरं येतं काय? हरलो तर सगळी जप्त होणार. तुमच्या भाचेसुनेने दोन दिवस नीट खाल्लं नाही, आणि खरं सांगतो, मलाही रडू येत होतं. कोर्टात दंतवैद्य म्हणाले, हा गुन्हा आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्याला कळून भागत नाही, कलम दाखवा." नगरपालिकेच्या वकिलांनी नियमांचं नवं पुस्तक उघडलं (शिलाई माझी, त्यामुळे आरोपी असूनही माझी मान जरा ताठ झाली), चाळलं, पुन्हा चाळलं आणि घाम पुसायला लागले. कलम एकोणीस संपलं की पुन्हा कलम दहा! आणखी चार प्रती मागवल्या, त्यांतही तेच. शेवटी बाई म्हणाल्या, लिहिलेलं नाही तो गुन्हा नाही; सोमवारी पूर्ण पुस्तक आणा, नाहीतर याला सोडते.

घरी येऊन खुराडं झाडायला घेतलं, तर कोंबड्यांखालचा कागद ओळखीचा निघाला. मामा, तो पुस्तकाचा तिसरा फर्मा! (सोळा पानांची ती जुडी.) रद्दी समजून मी तो गठ्ठाच्या गठ्ठा घरी आणला होता आणि त्याच्या जागी दुसरा फर्माच दोनदा शिवला होता. कलम बावीस स्वच्छ सांगतं, गच्चीवर कोंबड्या पाळणे हा गुन्हा. आणि महिनाभर आमच्या कोंबड्या नेमक्या त्याच्यावर बसून होत्या! आम्ही दोघं पोट धरधरून हसलो, मग पोटभर जेवलो. एकंदरीत आनंद आहे.

तुमचा,
अजून निर्दोष भाचा

ता. क. कोर्टातल्या नोकरीतून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी सगळ्यांदेखत भेट दिलेली या पुस्तकाची प्रत सगळ्यांत आधी शिवली होती, तेवढीच पूर्ण आहे. वकील ती मागायला येतील. तुम्ही खोटं बोलणार नाही, हे ठाऊक आहे. म्हणून ती आजच मामींना नीट जपून ठेवायला द्या. त्यांनी जपून ठेवलेलं आजवर कुणाला सापडलंय?

आणखी एक. सोबत दोन डझन अंडी पाठवतोय. ही लाच नव्हे. लाचेचं कलम मी पुस्तकात तीनदा शोधलं, नाही. खुराड्यात असेलही, पण त्या कोपऱ्यात कोंबडी उबवायला बसली आहे, तिला कशाला उठवू?