हळदीचे दोन खांब

आबा, आज वर्गात चार, सहा, आठ, दहा अशी क्रमिका लिहिली आणि तिचं सूत्र सांगितलं: पद कितवं ते घ्या, दुप्पट करा, वर दोन मिळवा. एका मुलीनं विचारलं, "बाई, ते वरचे दोन कशाला?" आणि आपला वाटूरचा गोठा डोळ्यांपुढं उभा राहिला.

निजामाचं राज्य होतं. गावच्या शाळेत मुली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात मी हट्टी. चौथी झाली, आता शाळा बस, असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. मला परतूरला मामाकडं राहून शिकायचं होतं. तुम्ही नव्या गोठ्याचे खांब रोवत होता आणि मी मागं लागले होते. वैतागून म्हणालात, "पाच खणाच्या गोठ्याला खांब किती? बराबर सांग, मंग परतूरचं बघू." एका खणाला चार कोपऱ्यांचे चार, म्हणून पाचाला वीस, मी ठोकून दिलं. तुम्ही पोट धरून हसलात. "अगं, दोन खणांच्या मधी जोडी एकच असती! झाली तुझी शाळा."

असा राग आला मला! कडब्याची धाटं मोडून तिथंच मातीत रोवत बसले. एका खणाला चार, दोनाला सहा, तिनाला आठ. दर खणाला दोन वाढतात हे दिसत होतं, पण कितीही खणांचं न रोवता कसं सांगायचं? तेवढ्यात आईनं रीतीप्रमाणं खांबांच्या पहिल्या जोडीला हळदकुंकू लावलं आणि मला दिसलं. हळदीची जोडी बाजूला ठेवली, तर प्रत्येक खणाला आपापले दोनच उरतात. मी तुमच्यापुढं जाऊन उभी राहिले. "आता कितीबी खण विचारा."

"शंभर."

"दोनशे दोन."

तुमची पहार थांबली. रोवलेल्या खांबांकडं बघत तुम्ही ओठ हलवत राहिलात. मग म्हणालात, "बराबर हाय. जा मंग. मामाला सांगावा धाडतो."

त्या मुलीला मी सांगितलं, ते दोन पहिल्या जोडीचे, त्यांच्याविना पहिला खणच उभा राहत नाही. एक मात्र सांगितलं नाही. माझी धाटं सहा खणांतच संपली होती. शंभराचं छातीठोक बोलले ते निव्वळ जिद्दीवर. आणि आबा, तुमचं मोजणं विसाच्या पुढं जात नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.